कडी, खिळा आणि कुमुदताई

कुमुदताई गेल्याचं मला मुग्धाने फोनवर सांगितलं. मुग्धा माझी मुलगी, बोस्टनला हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट आहे. ड्यूटी संपवून पार्किंगमध्ये गाडीपाशी उभी राहून बोलत होती. आवाज घुमत होता.

"बाबा, मावशी गेली. आज सकाळी. तिच्या मुलाने टेक्स्ट केलं मला."

मी "अरेरे" म्हणालो. त्याच्या पाठोपाठ माझ्या मनात जे आलं ते लिहायची लाज वाटते, पण ते गाळलं तर पुढचं काही लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं, तुला का केलं टेक्स्ट? ओळख माझी होती.

डॉ. कुमुद हेर्लेकर या बाईंचा मी अकरा वर्षं हेवा केला. घराचा नाही, गाडीचा नाही. घर आमच्यापेक्षा लहान होतं आणि गाडीला दोन्ही बाजूंनी पोचे होते. वूस्टरच्या हॉस्पिटलात त्यांनी तीसेक वर्षं लोकांची तुटलेली बोटं जोडली, त्यात त्यांचं मोठं नाव होतं, त्याचंही मला काही नव्हतं. मी मेकॅनिकल इंजिनियर, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत. त्यांच्या वाटेला मी कधी जाणार नव्हतो. त्या माझ्या वाटेला आल्या, हे माझं दुखणं.

त्या मूळच्या मिरजेच्या. मिरजेत डॉक्टर झाल्या, लग्न होऊन इथे आल्या, इथे पुन्हा सगळ्या परीक्षा दिल्या. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा पार दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ बॉथेलला. त्या एकट्या श्रूजबरीत राहायच्या, आमच्यापासून चार रस्ते सोडून. उंची जेमतेम पाच फूट, पांढरे कापलेले केस, कॉर्डुरॉयची पँट आणि वर खादीचा कुर्ता. थंडीत नवऱ्याचा जुना कोट घालायच्या. त्याच्या बाह्या त्यांनी स्वतः आखूड केल्या होत्या आणि ती शिवण इतकी बारीक होती की शिंप्याने बघत राहावं.

कोणी भेटलं की त्या नमस्कार करायच्या नाहीत. समोरच्याचा हात हातात घ्यायच्या, उलटा करायच्या, सुलटा करायच्या आणि मग चेहऱ्याकडे बघायच्या. "या अंगठ्याला काय झालं होतं?" माझ्या बायकोला, सुनंदाला, त्यांनी पहिल्या भेटीत हेच विचारलं. एकोणिसाव्या वर्षी नागपूरला कुकरच्या वाफेने तिचा अंगठा भाजला होता. आईला कळू नये म्हणून तिने आठ दिवस तो ओढणीत लपवला होता. हे तिने मला लग्नाच्या वीस वर्षांत सांगितलं नव्हतं. त्यांना दोन मिनिटांत सांगितलं, वर डोळ्यांत पाणीही आणलं.

दुसरी सवय म्हणजे त्यांचा ठरलेला प्रश्न. कोणी काहीही सांगो, त्या विचारायच्या, "कुठल्या हाताने?" पोळी करपली, कुठल्या हाताने? शेजाऱ्याने कुत्र्याला मारलं, कुठल्या हाताने? एकदा आमच्या मराठी मंडळातल्या एकाने नोकरीचा राजीनामा दिल्याचं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यालाही त्यांनी हेच विचारलं. तो गोंधळला, म्हणाला, "ईमेल केलं हो ताई." त्या म्हणाल्या, "मग अजून दिला नाहीत असं समजा."

स्वभावाने गोड मुळीच नव्हत्या. लोकांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, लग्नाच्या जेवणात शेजारच्याच्या ताटातली भजी उचलायच्या, गाडी अशी चालवायच्या की सुनंदा मागच्या सीटवर बसून रामरक्षा म्हणायची. मला त्या नुसतं "मोहरील" म्हणायच्या, नर्सला हाक मारावी तसं. गणपतीत मंडळाच्या अध्यक्षांनी पाऊण तास भाषण केलं, तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं, "टाके फार घातलेत. जखम लहान होती." अध्यक्ष वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता माझी वाट कोणती ते सांगतो. माझे वडील नागपूरला अजनीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. मला रेल्वेत जायचं होतं, गेलो नाही. पण वेड राहिलं. श्रूजबरीहून वीस मिनिटांवर एका लहान गावात जुनं लाकडी रेल्वे स्टेशन आहे. रूळ केव्हाच उखडले गेले, स्टेशन उरलं, त्याचं गावकऱ्यांनी म्युझियम केलं. वॉल्टर नावाचे निवृत्त पोस्टमन ते सांभाळायचे. मी दर शनिवारी तिथे व्हॉलंटियर म्हणून जायचो. माझं टेबल ठरलेलं होतं आणि टेबलावर माझं मॉडेल.

एकोणिसाव्या शतकात रेल्वेने काय काय केलं याच्या गोष्टी सगळे सांगतात. इंजिनं मोठी झाली, देशाची दोन टोकं जोडली गेली, गावोगावची घड्याळं एका वेळेवर आली. मला मात्र त्यातली एक लहानशी गोष्ट सगळ्यात मोठी वाटायची. एक डबा दुसऱ्या डब्याला जोडायचा कसा? सुरुवातीला लोखंडाची एक लांबट कडी असायची आणि एक खिळा. डबा मागे ढकलत आणायचे. दोन डब्यांच्या मधे माणूस उभा राहायचा, हाताने कडी समोरच्या खोबणीत घालायचा, वरून खिळा टाकायचा आणि हात काढून घ्यायचा. नाही निघाला तर बोट जायचं. मग व्हर्जिनियातल्या एका कापडदुकानातल्या कारकुनाने चाकूने लाकूड तासून एक नवीच रचना केली, आजचा कपलर. दोन लोखंडी पंजे, एकमेकांवर आदळले की आपोआप अडकणारे. मधे माणसाची गरज नाही. आज अमेरिकेपासून भारतापर्यंत मालगाड्या त्याच तत्त्वावर जोडतात. ती रचना मी निम्म्या आकारात लाकडात केली होती. आमच्या गराजमध्ये, दोन हिवाळे खपून. ढकललं की खट् आवाज होऊन बसायची. त्या आवाजासाठी मी तिचा सांधा सहा वेळा तासला होता.

कुमुदताईंना तिथे मीच घेऊन गेलो. त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, सुनंदा म्हणाली, "त्यांनाही न्या की, घरी एकट्या काय करतील." बरोबर मुग्धा होती, अकरा वर्षांची. तिला मी जबरदस्तीने न्यायचो आणि ती कोपऱ्यातल्या बाकावर बसून फोनवर गेम खेळायची.

मी माझं नेहमीचं सगळं सांगितलं. रचना, भार, कोन. मॉडेल खट् करून दाखवलं. कुमुदताईंनी त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा जो वळणारा भाग आहे, त्याला काय म्हणतात?"

"नकल."

"नकल? म्हणजे बोटाचा सांधा?" त्या हसल्या. "हे तर माझ्या गावचं निघालं."

वीस वर्षं मी तो शब्द वापरत होतो. त्यात बोट आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

मग त्यांनी मुग्धाला हाक मारली. तिच्या उजव्या हाताची चार बोटं वाकवायला लावली, स्वतःची चार वाकवली आणि दोन्ही पंजे एकमेकांत अडकवले. "ओढ." मुग्धाने ओढलं. "सुटतं का?" "नाही." "झालं. हेच बाबांचं मशीन." मुग्धा खळखळून हसली. तीन वर्षांत माझ्या टेबलापाशी ती पहिल्यांदा हसली होती.

नंतर त्यांनी काचेच्या कपाटातली खरी कडी आणि खिळा वॉल्टरकडून मागून घेतले. कडी उचलून टेबलाच्या कडेला धरली आणि मला म्हणाल्या, "मोहरील, तो माणूस हात नक्की कुठे ठेवायचा? दाखवा." मी अंदाजाने दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग तर्जनी आणि मधलं बोट जाणार. अंगठा वाचेल." वॉल्टर त्यांच्याकडे बघत राहिले. म्हणाले, माझ्याकडे तुम्हाला दाखवण्यासारखं काहीतरी आहे.

ती एक वही होती. त्या काळी रेल्वे कंपन्या स्वतःचे सर्जन नेमायच्या. अशाच एका सर्जनची, आता नामशेष झालेल्या एका लहान लाइनवरची, जखमींची नोंदवही. ती मी पूर्वी चाळली होती. अक्षर वाईट आणि सगळी डॉक्टरी भाषा, म्हणून परत ठेवून दिली होती. कुमुदताईंनी ती उभ्याउभ्या उघडली आणि आम्हाला विसरल्या. म्युझियम बंद करायची वेळ झाली तरी त्यांचं बोट ओळींवरून सरकत होतं.

पुढच्या शनिवारी त्या आपण होऊन आल्या. मग दर शनिवारी येऊ लागल्या.

तीन महिन्यांत त्यांनी ती वही वाचून काढली आणि त्यातून एक माणूस शोधला. डबे जोडणारा कामगार. पहिल्यांदा तो सर्जनकडे आला तेव्हा डाव्या हाताची तर्जनी गेली होती. नोंदीच्या शेवटी एकच शब्द, 'रिटर्न्ड', म्हणजे कामावर परत गेला. दोन वर्षांनी पुन्हा तोच, आता उजव्या हाताची दोन बोटं. पुन्हा 'रिटर्न्ड'. कुमुदताई हे सांगायला माझ्या शेजारच्या टेबलाशी उभ्या राहायच्या. हातात काही नाही, चित्र नाही, मॉडेल नाही. "तो तिसऱ्यांदाही आला," असं म्हणून त्या थांबायच्या. लोक त्यांच्या हातांकडे बघत असायचे. "पण या वेळी स्वतःसाठी नाही. धाकट्या भावाला घेऊन आला."

माझ्या टेबलासमोरचे लोक हळूहळू सरकून तिकडे जायचे. मी मॉडेल खट् करायचो. एक-दोघं वळून बघायचे, ते आवाजामुळे.

एकदा घरी परतताना मुग्धा गाडीत म्हणाली, "बाबा, यू टॉक अबाउट द कपलर. मावशी टॉक्स अबाउट द गाय." क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर खरंच गाय उभी राहिली. मग कळलं, 'गाय' म्हणजे तो माणूस. मी म्हणालो, "कपलर नसता तर तो गाय वाचला नसता." ती म्हणाली, "आय नो, बाबा. बट स्टिल." या 'बट स्टिल'ला मी आजवर उत्तर शोधतोय.

त्याच वर्षी हिवाळ्यात कुमुदताई आमच्याकडे चहाला आल्या होत्या. बोलता बोलता माझ्या वडिलांचा विषय निघाला. मी अजनीच्या वर्कशॉपचं वर्णन केलं, वडील कोणत्या शिफ्टला जायचे, कोणत्या इंजिनांवर काम करायचे, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हात कसे होते त्यांचे?"

मला आठवेना. त्यांची सायकल आठवत होती, डबा आठवत होता, हात नाही. मी काहीतरी बोललो, "कामगाराचे असतात तसे." त्यांनी मान हलवली आणि दुसरं बिस्किट घेतलं. दुसऱ्या दिवशी मी नागपूरला भावाला फोन केला. तो म्हणाला, "हात? हातांचं काय? तू बरा आहेस ना रे?" त्यालाही आठवत नव्हतं. माझ्या वडिलांबद्दलचा असा प्रश्न मला पन्नासाव्या वर्षी एका परक्या बाईने विचारावा, याचा मला इतका राग आला की पुढचे दोन शनिवार मी सर्दीचं निमित्त करून गेलो नाही. नंतर कळलं, त्या दोन्ही शनिवारी माझ्या टेबलाशी मुग्धाने मॉडेल दाखवलं. कुमुदताई तिला घेऊन गेल्या होत्या.

मला संधी मिळाली ती पुढच्या उन्हाळ्यात. डेपोचा, म्हणजे आमच्या त्या जुन्या स्टेशनाचा, वार्षिक दिवस होता. आमच्या मंडळाचेही वीसेक लोक आले होते. कुमुदताईंनी तिसऱ्यांदा आलेल्या माणसाची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "पुढच्याच वर्षी या लाइनवर नवे कपलर आले. त्याच्या भावाचं नशीब एका वर्षाने चुकलं."

हे चूक होतं. मी त्या लाइनचे कागद पाहिले होते. भावाचा अपघात झाला तेव्हा तिथे नवे कपलर येऊन काही महिने झाले होते. मी हे त्यांना कधीही चहाच्या वेळी सांगू शकलो असतो. मी सगळ्यांच्या मागे उठून उभा राहिलो आणि इंग्रजीतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "डॉक्टर, ही माहिती बरोबर नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कुमुदताई दोन क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. मग म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. या, तुम्ही सांगा." आणि त्या बाजूला होऊन पहिल्या बाकावर मुग्धाशेजारी बसल्या.

मी सांगितलं. सगळे डबे एका दिवसात बदलत नाहीत. काहींना नवा कपलर, काहींना जुनी कडी. म्हणून नव्या कपलरच्या नकलमध्ये मुद्दाम एक फट ठेवलेली असायची, जुनी कडी तिच्यात घालता यावी म्हणून. ती फट किती रुंद, खिळ्याचं भोक कुठे, हे मी वीस मिनिटं समजावलं. सातव्या मिनिटाला लहान मुलं बाहेर पळाली. बाराव्या मिनिटाला लेमोनेडपाशी रांग लागली. सुनंदा जमिनीकडे बघत होती. एकच व्यक्ती शेवटपर्यंत ऐकत होती, पर्समधल्या एका पावतीमागे पेन्सिलीने लिहून घेत होती, आणि ती कुमुदताई होत्या.

सगळे गेल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या. "ती फट पुन्हा दाखवा." मी दाखवली. "म्हणजे नवं यंत्र आल्यावरसुद्धा त्या पोराला मधे उभं राहावंच लागलं." "हो." "आणि नवं जड होतं, त्याची सवय नव्हती." "हो." त्यांनी पावती पर्समध्ये ठेवली. "चांगलं केलंत सांगितलंत. पण असं मागून नका ओरडू. मी ऑपरेशन थिएटरमधली आहे, मागून आवाज आला की हात थांबतो माझा."

पुढच्या शनिवारी त्यांनी ती गोष्ट नव्याने सांगितली. सुरुवातीलाच माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, हे मला या मिस्टर मोहरीलनी शिकवलं. मग तिसऱ्यांदा आलेला माणूस भावाला घेऊन आला. आणि कुमुदताई म्हणाल्या, "नवं आलं म्हणून जुनं त्या दिवशी जात नाही. दोघांच्या मधल्या काळात जे उभे असतात, त्यांचे हात सापडतात." एक म्हातारे गृहस्थ चष्मा काढून पुसू लागले. कोणी लेमोनेडकडे गेलं नाही.

माझी फट, माझे कागद, माझी वीस मिनिटं, आणि त्यांची दोन वाक्यं. वर त्यांनी माझं नाव घेतलं होतं, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती.

इथपर्यंत हेवा नुसता मनात होता. मग मी एक काम केलं.

डेपोचा ईमेल मी बघायचो. मुग्धा सोळा वर्षांची होती त्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडाशी, पेनसिल्व्हेनियातल्या एका मोठ्या रेल्वे म्युझियमचं पत्र आलं. तुमच्याकडच्या हातांच्या डॉक्टरबाईंबद्दल ऐकलं, त्यांना आमच्याकडे भाषणाला बोलवायचं आहे. मी ते ऑफिसमध्ये, लंच ब्रेकमध्ये वाचलं. सँडविच अर्धं राहिलं होतं. मी उत्तर लिहिलं की डॉक्टर हेर्लेकर हल्ली प्रवास करत नाहीत. कपलरच्या इतिहासावर मी स्वतः येऊन बोलू शकेन. खाली सही केली आणि पाठवून दिलं.

त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. तुमच्या तयारीबद्दल आभार, पण आम्हाला माणसांच्या बाजूने बोलणारं कोणी हवं होतं.

वसंतात त्याच म्युझियमचा एक माणूस न्यू इंग्लंडमध्ये फिरत असताना आमच्या डेपोत आला. कुमुदताईंना भेटून म्हणाला, "तुमचा प्रवास बंद झाला हे ऐकून वाईट वाटलं होतं. आता तब्येत कशी आहे?" मी दोन पावलांवर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मॉडेल पुसत होतो. त्या माणसाला म्हणाल्या, "आता बरी आहे. केव्हाही येईन."

नंतर पार्किंगमध्ये मी गाडीचं दार उघडत होतो, तेव्हा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मोहरील, कुठल्या हाताने टाइप केलंत?"

मी म्हणालो, "दोन्ही."

"हं." त्यांनी कोटाच्या खिशात हात घातले. "मागितलं असतंत तर दिलं असतं मी. मला काय भाषणांची हौस आहे होय? म्हणाले असते, मोहरील, तुम्ही जा. पण आता नाही देणार. आता मीच जाणार."

मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा," आणि गाडी रिव्हर्स घेताना कचऱ्याच्या डब्याला धडकल्या.

आठवडाभराने त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा. भाषणासाठी तुमचं मॉडेल न्यायचंय. मी म्हणालो, त्याचा सांधा निखळलाय. तो निखळला नव्हता. पॉलिशसाठी घरी आणलेलं मॉडेल माझ्यासमोर शेल्फवर धड होतं. त्या म्हणाल्या, "बरं. मग मुग्धाला पाठवा. हातांनीच दाखवू." मुग्धाला विचारायची गरजच नव्हती, ती ऐकूनच बॅग भरायला लागली.

दोघी कुमुदताईंच्या गाडीने गेल्या. सुनंदा दोन दिवस देवापुढे दिवा लावून बसली, ते भाषणासाठी नव्हतं, ड्रायव्हिंगसाठी होतं. त्या म्युझियमने भाषणाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. त्यात दोघी स्टेजवर समोरासमोर उभ्या आहेत. मुग्धा म्हणजे डबे जोडणारा कामगार. कुमुदताई एकेका नोंदीबरोबर तिचं एकेक बोट हळूच मिटवतात. तिसऱ्या भेटीला मुग्धाच्या डाव्या हाताची तीन बोटं आणि उजव्याची दोन उभी उरतात, बाकी दोन्ही अंगठे. त्या हातांनी ती समोरच्या काल्पनिक भावाला धरते. शेवटी दोघी पंजे अडकवतात आणि मागे झुकतात, एकमेकींच्या भारावर.

तो व्हिडिओ मी ऑफिसमध्ये दार लावून किती वेळा पाहिला ते माहीत नाही. प्रत्येक वेळी माझं लक्ष कुमुदताईंकडे नसे. मुग्धा ज्या नजरेने त्यांच्याकडे बघते, त्या नजरेकडे असे. घरी आल्यावर तिने सांगितलं की तिला मेडिकलला जायचंय. हातांचंच काम करायचंय. सुनंदाने पेढे केले. त्यातले डबाभर कुमुदताईंकडे नेऊन द्यायला मलाच पाठवलं.

त्या ईमेलबद्दल त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी महिनोन्महिने सुनंदाच्या चेहऱ्याकडे बघायचो, आज कळलं असेल, आज बदलेल. काही बदललं नाही. सांगितलं असतं तर भांडण होऊन मी मोकळा तरी झालो असतो. आम्ही दोघं शनिवारी शेजारशेजारच्या टेबलांशी उभे राहायचो, त्या माझ्या डब्यातली भजी उचलायच्या, आणि एकूण सगळं ठीक होतं. मुग्धाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून हे इथे लिहायचा धीर होतोय. तिला तोंडाने सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.

मुग्धा मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा कुमुदताईंनी घर विकलं. गुडघे गेले होते, मुलाने बॉथेलला बोलावून घेतलं. विमानाचं तिकीट त्याने काढून दिलं होतं. त्यांनी ते कॅन्सल केलं आणि ट्रेनचं काढलं. वूस्टरहून शिकागो, तिथे गाडी बदलून सिएटल, तीन दिवस. "इतकी वर्षं या गाड्यांबद्दल बोलतेय," त्या म्हणाल्या, "बसले कुठे आहे?"

मीही बसलो नव्हतो. या देशात येऊन तीस वर्षं होत आली, ज्या रेल्वेमुळे हा देश जोडला गेला असं मी दर शनिवारी लोकांना सांगत होतो, तिच्यात बसून मी कधी न्यूयॉर्कच्या पुढे गेलो नव्हतो. डोक्यात होतं, निवृत्त झाल्यावर जाऊ.

सोडायला आम्ही तिघं गेलो. दुपारची गाडी, ऑक्टोबरचं ऊन. त्या नवऱ्याच्या कोटात, एक सुटकेस आणि सुनंदाने दिलेला पुऱ्यांचा डबा. गाडी यायला वेळ होता. त्या बाकावर बसल्या होत्या, अचानक म्हणाल्या, "मोहरील, शिकागोपर्यंत चला. उद्या विमानाने परत या."

"असं एकदम कसं," मी म्हणालो.

"जा की," सुनंदा म्हणाली. "कोण अडवतंय तुम्हाला? तिकीट गाडीतपण मिळत असेल."

मुग्धा म्हणाली, "बाबा, गो. सीरियसली."

त्या तिघी माझ्याकडे बघत होत्या. मला जायचं होतं. पण त्या तीन दिवसांतला एक दिवस त्यांच्याकडून मिळाल्यासारखा घ्यायचा नव्हता. मी म्हणालो, उद्या डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे. ती खरंच होती.

"बरं," त्या म्हणाल्या.

गाडी आली. कंडक्टरने त्यांची सुटकेस वर घेतली आणि त्यांना दंडाला धरून पायरीवर चढवलं. मुग्धा रडत होती. कुमुदताईंनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि आत गेल्या. आम्ही त्यांच्या डब्याच्या खिडक्यांपाशी गेलो आणि कोणत्या खिडकीत येतात ते बघत उभे राहिलो.

गाडी हलली तेव्हा त्या दिसल्या, पण आमच्या बाजूला नाही. पलीकडच्या सीटवर, आमच्याकडे पाठ करून, कोट अंगावर तसाच. वाकून शेजारच्या कोणाशी तरी बोलत होत्या, पुऱ्यांचा डबा पुढे केलेला दिसला. मुग्धाने "मावशी, मावशी" म्हणून काचेवर थाप मारली. गाडीने वेग घेतला होता. मी हात वर केला होता, तो तसाच राहिला. अलीकडच्या खिडकीत एक अनोळखी बाई बसली होती. तिला वाटलं मी तिलाच निरोप देतोय. तिने हसून हात हलवला, आणि मग मीही तिला हलवला.